केळीच्या बागेत बसवायच्या आधी डब्यांची भांडणं टेबलावर लावून बघा

माझ्या मामांची चोपडा तालुक्यात केळी आहे, सगळी ठिबकवर. त्यांनी ओलाव्याचा सेन्सर एका कंपनीचा घेतला, व्हॉल्व्हचा कंट्रोलर दुसऱ्याच कंपनीचा, मोबाईलचं ॲप तिसऱ्याचं, आणि हे सगळं जोडायचं काम आलं भाच्याकडे, कारण भाचा जळगावला कॉम्प्युटरचं काहीतरी करतो एवढं घरात सगळ्यांना माहिती. सेन्सर वेगळा चालवून बघितला, चालला. कंट्रोलर वेगळा चालवला, व्हॉल्व्ह खटाखट उघडले. म्हणलं झालं काम, लावून टाका.

सेन्सर ६० दाखवत होता आणि मी कंट्रोलरला सांगून ठेवलेलं की ४० च्या खाली गेलं की पाणी सोड. ६० म्हणजे ओल भरपूर असं समजून कंट्रोलर गप्प बसला, मे महिना, घरात लग्न, मामा तीन दिवस बागेकडे फिरकलेच नाहीत आणि चौथ्या दिवशी गेले तर पानं दुमडून खाली आलेली. मामांनी खुरप्याने माती उकरली, कोरडा भुगा हातात घेतला आणि मला फोन केला, "भाचा, तुन्हं मशीन खोटं बोली ऱ्हायनं."

मशीन खोटं बोलत नव्हतं. तो सेन्सर ओलाव्याचा टक्का मोजतच नव्हता, तो मोजत होता मुळाला पाणी ओढायला किती जोर लागतो ते, सेंटिबारमध्ये. टक्क्यात आकडा वाढला की जमीन ओली, सेंटिबारमध्ये आकडा वाढला की जमीन कोरडी. म्हणजे युनिट चुकलं एवढंच नाही, दिशाच उलटी. जितकी बाग सुकत जाईल तितका कंट्रोलर खुश. दोन्ही डबे शंभर टक्के बरोबर आणि जोडलेली सिस्टीम शंभर टक्के चूक, आणि चूक माझी, कारण मी डबे तपासले, जोड तपासला नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही शेतात काही बसवायच्या आधी सगळं टेबलावर मांडून एकमेकांशी भांडायला लावतो. ते कसं करायचं ते इथे सांगतो. उदाहरणं शेतीची आहेत कारण मला तीच माहिती, पण कोल्ड स्टोरेज, डेअरी, घरातले स्मार्ट दिवे, सगळीकडे हेच लागू पडतं.

पहिली गोष्ट म्हणजे वही घ्या. खरंच वही, नाहीतर एक्सेल. कुठलाही डबा विकत आणला की त्याच्या नावाचं एक पान करायचं आणि त्यावर लिहायचं की हा काय पाठवतो, कुठल्या युनिटमध्ये पाठवतो, आकडा वाढला म्हणजे काय समजायचं, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती येऊ शकतो, किती वेळाने पाठवतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिघडला की काय पाठवतो. हे पान भरता येत नसेल तर विकणाऱ्याला फोन करा. "साहेब सगळं ऑटोमॅटिक आहे, तुम्ही काळजी करू नका" असं उत्तर आलं तर काळजी करा.

युनिटमध्ये ओलाव्यासारखेच अजून दोन-तीन चोर आहेत. खताच्या पाण्याचा ईसी, म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळलेत त्याचं माप, एक मीटर डेसिसिमेन्समध्ये देतो, दुसरा मायक्रोसिमेन्समध्ये, म्हणजे एकाचा १.२ दुसऱ्याचा १२००, आणि तिसरा थेट पीपीएम दाखवतो, त्यात पण ईसीला ५०० ने गुणणारे वेगळे आणि ७०० ने गुणणारे वेगळे, त्यामुळे एकाच बादलीतल्या पाण्याचे दोन आकडे येतात आणि दोन्ही खरे. वॉटर मीटरचं असंच, कुठल्या मीटरचा एक पल्स म्हणजे १ लिटर, कुठल्याचा १०, कुठल्याचा १००. कंट्रोलरमध्ये हे चुकीचं भरलं की पाणी दहापट कमी नाहीतर दहापट जास्त. तपासायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, २० लिटरची बादली मीटरमधून भरा आणि स्क्रीनवर किती आले ते बघा. मोठ्या मीटरला बादली पुरणार नाही, तिथे २०० लिटरचा ड्रम घ्या.

आता टेबल. मी प्लायवूडचा एक तुकडा घेतलाय, त्यावर कंट्रोलर, गेटवे (सेन्सरचं बोलणं पुढे नेटवर पोचवणारा डबा), पॉवर सप्लाय स्क्रूने बसवलेत, व्हॉल्व्हच्या जागी छोटे बल्ब आणि मोटरच्या जागी एक लाल बल्ब. लाल बल्ब लागला म्हणजे मोटर चालू झाली असं समजायचं. दिसायला शाळेच्या प्रदर्शनातल्या मॉडेलसारखं दिसतं पण ह्या फळीने आत्तापर्यंत किती पाईप फुटायचे वाचवलेत ते मलाच माहिती. सेन्सर मात्र खरे लावा, एक कुंडीत कोरडी माती, एक कुंडीत चिखल, आणि माती त्याच शेताची आणा, आपल्या काळ्या मातीत सेन्सर वेगळा वाचतो आणि मुरमाड जमिनीत वेगळा.

पहिली टेस्ट हीच, सेन्सर कोरड्या कुंडीतून काढून चिखलात घाला आणि शेवटच्या टोकाला, म्हणजे बल्बकडे बघा. मधल्या आकड्यांकडे नंतर बघू. कोरड्याला बल्ब लागला पाहिजे, चिखलात विझला पाहिजे. ही पाच मिनिटांची टेस्ट मी मामांच्या वेळी केली असती तर तो फोन आला नसता.

मग वायरचं बघायचं. शेतातली बरीच उपकरणं अजून मॉडबसवर बोलतात, म्हणजे वायरवरून आकडे पाठवायची ती एक भाषा. मॉडबस १९७९ सालचं आहे, मोडिकॉन कंपनीने काढलं, आणि अजून मरत नाही कारण सोपं आहे. पण सोपं आहे म्हणून त्यात बरंच काही मोघम सोडलेलं आहे आणि प्रत्येक कंपनीने ते आपापल्या मनाने भरलंय. मॉडबसचं एक रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा एक खण, १६ बिटचं असतं, दशांशाचा आकडा पाठवायला दोन रजिस्टर लागतात, आणि त्यातलं आधी कुठलं पाठवायचं ह्यावर कंपन्यांचं एकमत नाही. समजा तापमान २५.५ आहे. हेक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या सोळाच्या मोजणीत, ते ४१सीसी आणि ०००० अशा दोन तुकड्यात जातं. समोरच्याने तुकडे उलटे जोडले तर आकडा इतका बारीक होतो की स्क्रीनवर शून्य दिसतो, आणि समोरचा नुसता पहिला तुकडा पूर्णांक म्हणून वाचत असेल तर दिसतो १६८४४. म्हणून स्क्रीनवर शून्य किंवा असला हजारातला विचित्र आकडा दिसला की सेन्सर परत करायला धावू नका, आधी ह्या दोन तुकड्यांचा क्रम बदलून बघा.

दुसरा घोळ म्हणजे रजिस्टरचा पत्ता. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं असतं आणि वायरवर खरंतर ० जातो, काही कंपन्या मात्र १ पासून मोजतात, मग सगळे आकडे एक घर सरकतात आणि ओलाव्याच्या जागी तापमान येतं. हा सगळ्यात फसवा कारण आकडा खोटा वाटत नाही, तापमान ३२ आणि ओलावा ३२, कोणाला कळणार. म्हणून टेस्ट करताना प्रत्येक गोष्ट अशी ठेवा की दुसऱ्याशी गल्लत व्हायलाच नको, सेन्सर गरम पाण्याच्या पिशवीला टेकवा आणि बघा की तापमानाचाच आकडा वर जातोय ना.

वायर जोडताना आरएस-४८५ (मॉडबस बहुतेक ह्याच दोन तारांच्या जोडणीवर चालतं) चे ए आणि बी काही कंपन्यांकडे उलटे छापलेले असतात, काहीच येत नसेल तर दोन वायर अदलाबदल करून बघा, त्याने काही जळत नाही. वायर एकाकडून दुसऱ्याकडे अशी साखळीने न्या, मधूनच फाटे फोडू नका, लांब लाईन असेल तर दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा. टेबलावर दोन फुटाच्या वायरवर सगळं चालतं हो, म्हणून मी शेतात जितकी जाणार तितकी वायर गुंडाळी करून टेबलाखाली ठेवतो आणि तिच्यातूनच टेस्ट करतो. आणि एकाच पत्त्याचे दोन सेन्सर लाईनवर नकोत, नवीन सेन्सर बहुतेक वेळा पत्ता १ घेऊनच येतात, दोन नवे एकदम जोडले की दोघं एकदम बोलतात आणि कोणाचंच ऐकू येत नाही.

आता मोबाईल आणि सर्व्हरकडे जाणारी बाजू, ती आजकाल बहुतेक एमक्यूटीटीवर असते, म्हणजे नेटवरून छोटे मेसेज पाठवायची पद्धत. हे १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर ह्या दोघांनी तेलाच्या पाईपलाईनवर लक्ष ठेवायला बनवलेलं, सॅटेलाईटची लिंक महाग आणि तुटक म्हणून. म्हणजे मुळातच ज्या जागी नेट धड नाही अशा जागेसाठी जन्मलेलं, आपल्याला एकदम फिट. पण ह्यात तीन खड्डे आहेत आणि मी तिन्हीमध्ये पडलोय.

एक, रिटेन. मेसेज पाठवताना रिटेनची खूण केली की ब्रोकर, म्हणजे मेसेज इकडून तिकडे पोचवणारा मधला सर्व्हर, तो मेसेज जपून ठेवतो आणि जो कोणी नवीन जोडला जाईल त्याला देतो. "व्हॉल्व्ह ३ उघडा आहे" अशा स्थितीच्या मेसेजसाठी हे फार छान. पण "मोटर चालू कर" ह्या हुकुमाला चुकून रिटेन लागलं तर काय होईल बघा, दुपारी मोटर चालवली, हाताने बंद केली, रात्री लाईट गेली, दोन वाजता आली, कंट्रोलर उठला, ब्रोकरने दुपारचा हुकूम पुन्हा हातात दिला आणि मोटर सुरू. सगळे झोपलेले. टेस्ट सोपी आहे, ॲपवरून मोटर चालू करा, बंद हाताने करा, कंट्रोलरची पिन काढून परत लावा आणि लाल बल्बकडे बघा. लागला तर ॲपवाल्याला फोन.

दोन, डबल मेसेज. मेसेज पोचायच्या हमीच्या पातळीला क्यूओएस म्हणतात, क्यूओएस १ म्हणजे मेसेज किमान एकदा पोचणार ह्याची हमी, किमान हा शब्द नीट वाचा, दोनदा पण पोचू शकतो. हुकूम "चालू कर" असेल तर दोनदा आला तरी बिघडत नाही, पण हुकूम "आहे त्याच्या उलटं कर" असा असेल तर दुसऱ्या वेळी बंद. म्हणून उलट-सुलट करणारं बटण असलेलं ॲप दिसलं की मी आधी तोच मेसेज मुद्दाम दोनदा पाठवून बघतो. त्यासाठी मॉस्किट्टो नावाचा फुकट ब्रोकर आणि एमक्यूटीटी एक्सप्लोरर लॅपटॉपवर टाकून ठेवा, कोण काय बोलतोय ते सगळं समोर दिसतं. आणि जुना हुकूम शिळा झाला की फेकून द्यायची सोय बघा, एमक्यूटीटी ५ मध्ये मेसेजची मुदत टाकता येते, जुन्या ३.१.१ मध्ये ती नाही, तिथे मेसेजमध्येच वेळ लिहून कंट्रोलरने तपासावी लागते.

तीन, एकच क्लायंट आयडी, म्हणजे ब्रोकर डब्याला ज्या नावाने ओळखतो ते नाव. एका कंट्रोलरचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं दुसऱ्यात कॉपी केलं, आयडी बदलायचा राहिला, मग एक जोडला की ब्रोकर दुसऱ्याला हाकलतो, दुसरा परत जोडायला येतो की पहिल्याला हाकलतो, दिवसभर हेच. एकेक लावला तर दोन्ही उत्तम चालतात. म्हणून दोन डबे घेणार असाल तर दोन्ही एकदम लावूनच टेस्ट करा.

लाईटचं मात्र नीट बसून बघायला लागतं कारण आपल्याकडे खरी परीक्षा तीच घेते. शेतीची थ्री फेज कधी दिवसा कधी रात्री, मध्येच एक फेज गायब. बहुतेक स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेला असतो, लाईट आली की मोटर आपोआप सुरू, रात्री कोणी उठायला नको म्हणून. आता त्यावर तुम्ही स्मार्ट कंट्रोलर बसवला तर घरात मालक झाले दोन. कंट्रोलरला वाटतं मोटर बंद आहे, त्याने सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवलेत, लाईट येते, ऑटो स्विच त्याला न विचारता मोटर चालू करतो, पाण्याला जायला वाट नाही, मग सबमेनचा (बागेत पाणी वाटणाऱ्या मोठ्या पाईपचा) जोड सुटतो नाहीतर पीव्हीसी पाईप फुटतो. ह्यात सॉफ्टवेअरची एक ओळ पण चुकलेली नाही. जुना डबा नव्या डब्याशी बोलत नाही एवढंच, आणि इंटरऑपरेबिलिटी, म्हणजे वेगवेगळ्या डब्यांचं एकमेकांशी जमणं, म्हणतात ती हीच, फक्त आपण ती वायफायमध्ये शोधत बसतो आणि ती असते स्टार्टरच्या पेटीत. ऑटो स्विच काढा किंवा त्याची वायर कंट्रोलरच्या रिलेमधून (कंट्रोलरच्या हुकुमावर चालणारा स्विच) घ्या, आणि क्रम पक्का ठेवा, उघडताना आधी व्हॉल्व्ह मग मोटर, बंद करताना आधी मोटर मग व्हॉल्व्ह.

फळीवर लाईट घालवायची टेस्ट मी ५० वेळा करतो, हसू नका. कधी मोटर चालू असताना, कधी व्हॉल्व्ह अर्ध्यात असताना, कधी लाईट येऊन दोन सेकंदात परत घालवायची. बॅटरीवर चालणारे लॅचिंग व्हॉल्व्ह असतात ना, त्यांना उघडायला एक झटका आणि बंद करायला दुसरा झटका लागतो, मध्ये करंट काहीच नाही. उघडा असताना कंट्रोलर मेला तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि कंट्रोलर उठल्यावर त्याला वाटतं सगळं बंद आहे. चांगला कंट्रोलर उठल्या उठल्या सगळ्या व्हॉल्व्हना एकदा बंदचा झटका देतो. तुमचा देतो का बघा. आणि ईएसपी ह्या स्वस्त वायफायवाल्या चिपवर घरी बनवलेला कंट्रोलर असेल तर सुरू होताना काही पिन क्षणभर आपोआप वर जातात, रिले टक् करून वाजतो, टेबलावर बल्ब नुसता लुकलुकतो पण शेतात तो दहा एचपीच्या मोटरला बसलेला झटका असतो. पिन बदला.

लाईटीसोबत घड्याळ पण जातं. ॲपने सकाळी ६ ची वेळ पाठवली, कंट्रोलरने ती यूटीसी (सगळ्या जगाची सामायिक वेळ, आपल्या साडेपाच तास मागे) समजली, तर पाणी सुटणार आपल्या साडेअकराला, भर उन्हात. साडेपाच तासांचा फरक दिसला की डोळे झाकून टाईमझोन धरा. तारीख १९७० ची दिसली तर घड्याळाला वेळ मिळालेलीच नाही, नेट नाही आणि आतला छोटा सेल पण नाही किंवा संपलाय. आणि एक डबा वेळ सेकंदात पाठवतो, दुसरा मिलिसेकंदात वाचतो, मग पण तारीख १९७० च्याच जानेवारीत येते, सेल बदलून काही होत नाही. घड्याळाच्या टेस्टला नेट काढायचं, लाईट घालवायची, अर्ध्या तासाने फक्त लाईट द्यायची आणि वेळ बघायची.

नेटची गंमत वेगळीच. स्वस्त मोटर स्टार्टरमध्ये आणि मॉड्यूलमध्ये अजून टूजीचा मोडेम येतो, जिओचं टूजी नेटवर्कच नाही, सिम घालून ठेवलं तरी ते मोडेम काही पकडणार नाही. शिवाय असला मोडेम टॉवरशी बोलताना क्षणभर दोन अँपियरपर्यंत ओढतो, पॉवर सप्लाय कमजोर असला की नेमकं मेसेज पाठवतानाच सगळं रिसेट होतं आणि आपण सॉफ्टवेअरमध्ये बग शोधत बसतो. लोरा (कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ) घेत असाल तर भारतासाठीचा ८६५ मेगाहर्ट्झचा पट्टा बघा, ऑनलाईन मागवलेलं मॉड्यूल युरोपच्या ८६८ साठी सेट केलेलं असू शकतं, तो सेन्सर एका पट्टीत गातो आणि गेटवे दुसऱ्या. आणि दोन्ही खोक्यांवर लोरा लिहिलंय म्हणजे ते बोलतीलच असं नाही, लोरा ही नुसती रेडिओची पद्धत, लोरावॅन हे त्यावरचे बोलायचे नियम, एकाकडे नुसतं लोरा आणि दुसऱ्याकडे लोरावॅन असेल तर आवाज पोचेल, अर्थ पोचणार नाही.

अजून एक, रेंजची टेस्ट केळी गुडघ्याएवढी असताना करू नका. मी केली. वायफाय बांधापर्यंत मस्त जात होतं, बाग डोक्यावर गेली आणि सिग्नल गायब. केळीचं पान आणि खांब म्हणजे पाणीच की, २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात मरते. भरलेल्या बागेत, सकाळी दव असताना किंवा पाऊस पडून गेल्यावर रेंज बघा, अँटेना पानांच्या वर काढा.

आता बिघडलेल्या सेन्सरची टेस्ट. ही लोक करतच नाहीत कारण चालू असलेली वायर कापायला जीव होत नाही. कापू नका, काढा. डीएस१८बी२० नावाचा तापमानाचा सेन्सर फार चालतो, त्याला पॉवर मिळाल्यावर मोजमाप व्हायच्या आत वाचलं तर तो ८५ देतो, आणि वायर तुटली तर अर्डुइनोची (घरी बनवायच्या कंट्रोलरचा लोकप्रिय बोर्ड) नेहमीची लायब्ररी उणे १२७ देते. भुसावळचं ऊन कितीही कडक असलं तरी ८५ नाही, आणि उणे १२७ तर हिमालयात पण नाही, पण कंट्रोलरला हे कोण सांगणार, तो सरासरी काढताना हे आकडे पण धरतो. मॉडबसवर तुटलेल्या सेन्सरचा ६५५३५ येतो कुठे, कुठे ०, कुठे शेवटचा चांगला आकडाच परत परत येत राहतो. हा शेवटचा सगळ्यात घातक, ओलावा तीन दिवस एकदम ३४.२ वर थांबलाय तर ती जमीन नाही, तो मेलेला सेन्सर. उंदीर आणि खारी वायर कुरतडणारच आहेत, रानडुकरं उपटणारच आहेत, त्यामुळे प्रत्येक सेन्सरची एकेक वायर काढून बघा की कंट्रोलर काय करतो. माहिती नाही आणि शून्य ह्यात फरक करता येत नसलेला कंट्रोलर मी घेत नाही, मग भाव कितीही कमी असो.

मराठी ॲपवाल्यांसाठी एक खास टेस्ट आहे, ही मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही, मामांच्या मोबाईलवर सापडली. त्यांनी मराठी कीबोर्डवरून मिनिटांच्या रकान्यात १५ टाकलं, देवनागरीत. ॲपने ते जसंच्या तसं पुढे ढकललं, कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर सी भाषेतलं, त्यातलं एटूआय हे फंक्शन देवनागरी आकडा बघून सरळ शून्य देतं. पाणी शून्य मिनिटं. मी माझ्या मोबाईलवर इंग्रजी आकडे टाकून बघत होतो आणि म्हणत होतो मामा तुमचं काहीतरी चुकतंय. तसंच एसएमएसचं, इंग्रजी अक्षरात १६० मावतात, देवनागरीत ७०, त्यापुढे मेसेजचे तुकडे पडतात आणि स्टार्टरमधला स्वस्त मोडेम अर्धाच हुकूम वाचतो.

आता कोणी विचारेल की एवढं सगळं किती वेळा तपासायचं. तीन प्रकारचे सेन्सर, दोन कंट्रोलर, तीन नेटवर्क, चार मोबाईल, दोन भाषा, सगळ्या जोड्या केल्या तर १४४ होतात, एवढा वेळ कोणाकडे आहे. पण भांडण बहुतेक वेळा दोघांमध्येच होतं, पाच जण मिळून एकदम क्वचित. म्हणून कुठलेही दोन घ्या, ते निदान एकदा तरी समोरासमोर आलेले असतील अशा पद्धतीने यादी केली की बारा-पंधरा टेस्टमध्ये भागतं. ह्याला पेअरवाईज टेस्टिंग म्हणतात, कागदावर कोष्टक करून जमतं. वेळ कमी असेल तर सगळ्यात जुना मोबाईल आणि सगळ्यात खराब नेटवर्क ही जोडी आधी, कारण शेतात तीच असणार आहे.

खोक्यावरच्या स्टँडर्डच्या शिक्क्याबद्दल दोन शब्द. शिक्का म्हणजे डबा नियमाप्रमाणे वागतो, दोन नियमाप्रमाणे वागणारे डबे एकमेकांशी पटवून घेतात असं नाही, कारण नियमातच ऐच्छिक भाग असतो, एकाने तो घेतलेला असतो आणि दुसऱ्याने सोडलेला. घरातल्या दिवे-प्लगसाठी २०२२ मध्ये मॅटर आलं, त्यात हे बरंच सुधारलंय, पण ते मुळात घरासाठी आहे. शेतासाठी विकत घेताना मी दोनच गोष्टी विचारतो, रजिस्टरची यादी देता का आणि नेट नसलं तर तुमचा डबा चालतो का. दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं की चहा पिऊन निघायचं. पासवर्ड बदला हे वेगळं सांगायला नको, २०१६ ला मिराय नावाच्या व्हायरसने लाखो कॅमेरे आणि राउटर फॅक्टरीच्या पासवर्डवरूनच ताब्यात घेतले होते.

एकदा चाललं की मेसेज रेकॉर्ड करून ठेवा, एका चांगल्या दिवसाचे सगळे आणि एका लाईट-गेलेल्या दिवसाचे सगळे. कंपनीने ॲप किंवा कंट्रोलरचं अपडेट दिलं की तेच मेसेज फळीवर परत वाजवायचे आणि बल्ब पूर्वीसारखेच लागतात का बघायचं. अपडेट एका वेळी एकाच डब्याचं करा, तिन्ही एकदम केले आणि बिघडलं तर तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात, हे मी तीन कस्टमर केअरच्या लाईनवर एक अख्खा शनिवार घालवून शिकलोय. जुन्या व्हर्जनचा नंबर वहीत लिहिलेला पाहिजे.

फळीवर सगळं जमलं तरी लगेच मोटर जोडू नका. डबा मे महिन्यात एक दुपार पत्र्यावर ठेवा, बंद पेटीत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच चढतं आणि लिथियमची बहुतेक बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आपल्याकडे तेवढं तर सावलीत होतं. म्हणून पेटी पांढरी, सावलीत, खालून हवा जाईल अशी. मग शेतात सात दिवस नुसता साक्षीला बसवा, म्हणजे कंट्रोलरने फक्त लिहायचं की मी आत्ता व्हॉल्व्ह उघडला असता, आणि कॉक उघडायचा माणसाने, नेहमीसारखा. संध्याकाळी दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. मामांच्या बागेत दुसऱ्या वेळी असं केलं तेव्हा पाच दिवस दोघांचं जमलं, दोन दिवस नाही. त्यातला एक दिवस मामा चुकले होते, ते त्यांनी मान्य केलं. उरलेल्या दिवशी सेन्सर ठिबकच्या थेंबाखालीच बसलेला निघाला, तो वीतभर बाजूला सरकवला.

मोटर जोडताना हाताने चालवायचा स्विच कंट्रोलरच्या बाहेरून, स्वतंत्र वायरीने ठेवा, आणि तो स्विच वर असला की कंट्रोलरला कळलं पाहिजे म्हणून त्याची एक वायर कंट्रोलरच्या इनपुटला न्या, नाहीतर पुन्हा दोन मालक. मामांनी तो स्विच स्टार्टरच्या पेटीत नको, पेटीबाहेर हवा असं सांगितलं, रात्री बॅटरी तोंडात धरून पेटी उघडायला नको म्हणून.